मंडळाची खोली मुलांसाठी रोज उघडायचीय? आधी किल्लीचं बघा

गणपतीचे दहा दिवस सोडले तर बऱ्याच मंडळांची खोली वर्षभर बंदच असते, आत मखराचं सामान, दोन ढोल आणि २०१८ ला बंदी आली तरी कोणी न फेकलेला थर्माकोल. ती मुलांसाठी रोज संध्याकाळी उघडायची तर वर्गणी, रजिस्ट्रेशन वगैरेच्या आधी किल्लीचं ठरवा. आमच्या चाळीत किल्ली एकाच दादाकडे होती, तो गावाला गेला, पोरं तीन दिवस कुलूप बघून परत गेली आणि चौथ्या दिवशी खोली उघडली तर कोणीच आलं नाही. आता तीन किल्ल्या आहेत, एक समोरच्या काकूंकडे.

टायमिंग ठरवताना नळाला पाणी यायची वेळ बघा, कारण तेव्हा मोठ्या मुली पाणी भरण्यात अडकलेल्या असतात, मग क्लबमध्ये फक्त मुलगे जमतात आणि आपण म्हणतो मुलींना इंटरेस्ट नाही. आमचं पहिलं वर्ष असंच गेलं.

कॅरम ठेवाच, पण बोर्ड एक आणि पोरं पंधरा असली की मोठी पोरं उठतच नाहीत. आम्ही भिंतीवर नंबराचा कागद लावला, एक गेम झाला की चौघांनी उठायचं, मंगळवार-शुक्रवार मुलींचा बोर्ड. स्ट्रायकर ड्युटीवाल्याच्या खिशात राहू दे नाहीतर तो आठवड्याला हरवतो, आणि बोरिक पावडरचा डबा वर ठेवा, बारकी पोरं तोंडात घालतात. दहावीवाल्यांना त्या टकटकीत अभ्यास होत नाही, म्हणून सात ते आठ खेळ आणि आठनंतर बोर्ड भिंतीला टेकवून फक्त अभ्यास.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून आया मुलींना पाठवत नाहीत हो, दारात जाऊन बोलावं लागतं. त्या दोनच गोष्टी विचारतात, कोण कोण असणार आणि बाथरूमचं काय. त्यामुळे कायम दोन मोठी माणसं, त्यात एक बाई, दार उघडं, आणि भिंतीवर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मोठ्ठा लिहिलेला, मुलांनाही तो माहीत पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला घरटी थोडी वर्गणी पुरते, फक्त प्रत्येक रुपयाची पावती फाडा. पुढे देणग्या घ्यायच्या, बँकेत मंडळाच्या नावाने खातं काढायचं तर मात्र १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी करून घ्या, त्याला कमीत कमी सात जण लागतात, काम धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात होतं आणि दरवर्षीचा हिशोब तिथे द्यावा लागतो, तेव्हा सातात एक तरी वही नीट लिहिणारा घ्या. कोणी पुढारी नवीन कॅरम बोर्ड देतो म्हणाला तर घ्या खुशाल, पण त्याचा फोटो आत लावायचा की नाही हे आधीच बोलून घ्या.

मे महिन्यात अर्धी चाळ गावाला जाते, तरी खोली उघडी ठेवा. उरलेल्या सात-आठ पोरांना तेव्हाच बोर्ड मनसोक्त मिळतो.