पायथन टाकलंय पण चालत नाही? अनइन्स्टॉल करायच्या आधी हे बघा

नवीन शिकणाऱ्यांचा वेळ कोड लिहिण्यात कमी आणि सेटअपमध्ये जास्त जातो. एरर आला की लोक पायथन काढून परत टाकतात, तरी नाही चाललं की दुसरं व्हर्जन टाकतात, मग कोणीतरी सांगितलं म्हणून ॲनाकोंडा (हे सोबत स्वतःचं पायथन आणतं) पण टाकतात आणि शेवटी एकाच मशीनवर तीन-चार पायथन होऊन बसतात, मग तर काहीच कळत नाही. प्लीज असं करू नका. सेटअपच्या बऱ्याचशा एररच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, की मी आत्ता दिलेली कमांड नक्की कुठल्या पायथनकडे गेली? हे शोधायला पाच मिनिटं लागतात, आणि ते न शोधता केलेलं सगळं अंदाजपंचे.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा, आणि 'डॉट' लिहिलंय तिथे टिंब द्या.

एरर खालून वर वाचा

पायथनचा एरर लांबलचक लाल मजकूर असतो आणि तो बघूनच घाबरायला होतं, पण कामाची गोष्ट बहुतेक वेळा सगळ्यात शेवटच्या ओळीत असते. एररचं नाव आणि कारण तिथे असतं, त्याच्या वरच्या ओळीत कुठली फाइल आणि कितवी ओळ ते असतं. आणखी एक बघा, एरर देतंय कोण? 'इज नॉट रेकग्नाइज्ड' किंवा 'कमांड नॉट फाउंड' असं आलं तर ते टर्मिनल (आपण कमांड टाइप करतो ती खिडकी) बोलतंय, म्हणजे पायथनपर्यंत तुमची कमांड पोचलीच नाही. 'ट्रेसबॅक' असं सुरू झालं तर पायथन चालू आहे आणि अडचण पुढे आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उपायही वेगळे.

टर्मिनलला पायथन सापडतच नाही

विंडोजवर हे सगळ्यात कॉमन. टर्मिनल प्रत्येक कमांड काही ठराविक फोल्डरमध्येच शोधतं, त्या फोल्डरांच्या यादीला पाथ म्हणतात. पायथन मशीनवर असतं पण त्याचं फोल्डर या यादीत नसतं. नेहमीच्या विंडोज इन्स्टॉलरच्या पहिल्याच स्क्रीनवर तळाशी 'ॲड पायथन टू पाथ' अशा अर्थाचा चौकोन असतो, तो आपोआप टिक केलेला नसतो, आणि सगळे घाईत वरचं 'इन्स्टॉल नाऊ' दाबून मोकळे होतात. आता परत काढून टाकायची गरज नाही, तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, 'मॉडिफाय' निवडा, 'नेक्स्ट' दाबा, त्यापुढच्या स्क्रीनवर 'ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' टिक करा, झालं. त्यानंतर टर्मिनल बंद करून नवीन उघडा. उघड्या टर्मिनलला नवीन पाथ कळत नाही, आणि व्हीएस कोड या एडिटरच्या आतलं टर्मिनल असेल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडा.

कधी कधी पायथन टाइप केलं की थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. विंडोजने पायथन नावाचा एक शॉर्टकट आधीच ठेवलेला असतो आणि तो स्टोअरकडे नेतो. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधा, तिथे पायथन आणि पायथन ३ ची बटणं ऑफ करा.

मॅक आणि बऱ्याच लिनक्सवर नुसतं पायथन चालत नाही, पायथन३ टाइप करावं लागतं. पूर्वी मॅकमध्ये पायथन २.७ आधीपासून यायचं, ते २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ पासून काढून टाकलं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर इथे अडकणारच. तसंही पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे ज्या ट्युटोरियलमध्ये प्रिंटला कंस दिसत नाहीत ते सरळ सोडून द्या.

कुठलं पायथन चालतंय ते त्यालाच विचारा

आता मुख्य मुद्दा. पिपने (पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, टाकणारं टूल) रिक्वेस्ट्स नावाचं पॅकेज इन्स्टॉल केलं, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं आलं, आणि प्रोग्राम चालवला तर 'नो मोड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स', म्हणजे ते सापडतच नाही. असं झालं की माणूस चक्रावतो. पिप खोटं बोलत नाहीये आणि पायथनही नाही. पिपने ते पॅकेज एका पायथनमध्ये टाकलं आणि तुम्ही प्रोग्राम दुसऱ्याच पायथनने चालवताय, एवढंच.

खात्री कशी करायची? एक छोटी फाइल बनवा, पहिल्या ओळीत सिस इम्पोर्ट करा, दुसऱ्या ओळीत सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा. ती एकदा टर्मिनलमधून चालवा आणि एकदा व्हीएस कोडच्या रन बटणाने. दोन्ही वेळा पायथनचा पूर्ण पत्ता छापला जाईल. एकीकडे प्रोजेक्टच्या फोल्डरमधला पत्ता आणि दुसरीकडे सी ड्राइव्हमधला कुठलातरी वेगळाच आला, तर चोर सापडला. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल शिफ्ट पी दाबून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' शोधा आणि बरोबरचं पायथन निवडा. पायथनची फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात निवडलेलं व्हर्जन दिसतं, तिथे नजर टाकायची सवय लावा.

विंडोजवर मशीनवर एकूण किती पायथन आहेत ते बघायला 'पीवाय -०' चालतं. 'व्हेअर पायथन' पण चालतं पण फक्त कमांड प्रॉम्प्ट या टर्मिनलमध्ये, पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये व्हेअरचा अर्थ वेगळा आहे म्हणून तिथे काहीच छापलं जात नाही आणि लोकांना वाटतं पायथन नाहीच, तिथे 'व्हेअर डॉट ईएक्सई पायथन' असं द्या. मॅक-लिनक्सवर 'विच -ए पायथन३'.

आणि पॅकेज टाकताना नुसतं पिप इन्स्टॉल करू नका, 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' असं लिहा. म्हणजे जे पायथन चालतंय त्याच्याचमध्ये पॅकेज जातं. एवढ्या एका सवयीने निम्मे घोळ बंद होतात.

हे सगळं बरोबर असूनही मोड्यूल सापडत नसेल तर नाव तपासा, कारण इन्स्टॉलचं नाव आणि इम्पोर्टचं नाव सारखंच असेल असं नाही. सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन टाकावं लागतं, पीआयएल साठी पिलो, एसकेलर्न साठी सायकिट-लर्न.

व्हेन्व्ह वापराच

बरेच जण म्हणतात नवशिक्यांना व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (थोडक्यात व्हेन्व्ह) नको, अवघड होतं. मला हे अजिबात पटत नाही. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं वेगळं पायथन मिळालं की एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि फारच बिघडलं तर फक्त व्हेन्व्हचं फोल्डर डिलीट करून नवीन बनवता येतं, तुमच्या कोडला काही होत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन -एम व्हेन्व्ह डॉटव्हेन्व्ह' द्या, की बनलं. मग वापरण्याआधी ते टर्मिनलमध्ये चालू करायचं, त्याला ॲक्टिव्हेट करणं म्हणतात. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पुढे तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप वापरलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एररच येतो. त्यावर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' वाला ऑप्शन देऊन पुढे जा असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. त्या पायथनवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची टूल्स चालतात.

पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेट करताना 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' आलं तर 'सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयुजर रिमोटसाइन्ड' एकदा द्या, ॲडमिन लागत नाही. ऑफिसचं किंवा कॉलेजचं मशीन असेल आणि हे बदलू देत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे ॲक्टिव्हेटची बॅट फाइल चालवा. ॲक्टिव्हेट झालं की प्रॉम्प्टच्या आधी कंसात डॉटव्हेन्व्ह दिसतं.

बारीकसारीक पण हमखास होणाऱ्या गोष्टी

तीन बाणांच्या खुणेनंतर, म्हणजे पायथन चालू असताना आतमध्येच, 'पायथन हॅलो डॉट पीवाय' टाइप केलं तर सिंटॅक्स एरर येतो. ती टर्मिनलची कमांड आहे, आधी एक्झिट आणि पुढे रिकामा कंस देऊन बाहेर या. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं तर टर्मिनल दुसऱ्याच फोल्डरमध्ये आहे, 'सीडी' कमांडने बरोबर फोल्डरमध्ये जा, फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर नाव अवतरणचिन्हात द्या. फाइल समोर दिसतेय तरी सापडत नसेल तर तिचं खरं नाव हॅलो डॉट पीवाय डॉट टीएक्सटी तर नाही ना ते बघा, विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं.

स्वतःच्या फाइलला रँडम डॉट पीवाय, मॅथ डॉट पीवाय असली, पायथनच्या स्वतःच्या मोड्यूलची नावं देऊ नका. रँडम इम्पोर्ट केलं की पायथन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये बघतं, तुमचीच फाइल उचलतं आणि मग रँडइंट (खऱ्या रँडममधलं फंक्शन) सापडत नाही म्हणून रडतं.

पॅकेज टाकताना 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड' आलं तर लगेच मोठमोठी बिल्ड टूल्स डाउनलोड करत बसू नका. बऱ्याचदा तुमचं पायथन नुकतंच आलेलं असतं आणि त्या पॅकेजची तयार फाइल अजून त्या व्हर्जनसाठी निघालेली नसते, म्हणून पिप ती तुमच्याच मशीनवर बनवायला बघतं. एक पायरी जुनं पायथन घेऊन त्याच्यावर नवीन व्हेन्व्ह बनवा, बहुतेक वेळा पटकन होतं. ३२ बिटचं पायथन चुकून घेतलं असेल तरी हाच एरर येऊ शकतो.

इतकं करूनही अडलंच तर कोणालातरी विचारा, पण मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. दिलेली कमांड, पूर्ण एरर कॉपी करून, ऑपरेटिंग सिस्टिम, पायथन व्हर्जन आणि वर सांगितलेला सिस डॉट एक्झिक्युटेबलचा पत्ता, एवढं द्या. त्या मजकुरात पासवर्ड किंवा एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त की) कुठे दिसत असेल तर तेवढं खोडून मगच पाठवा.