बीर-बिलिंगला पहिलं टँडम उड्डाण : बसू नका, धावा

हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात, धौलाधारच्या पायथ्याशी बीर आहे. तिथून जीपने साधारण १४ किलोमीटर चढलं की बिलिंगचा उतार लागतो. पॅराग्लायडिंगचं उड्डाण बिलिंगहून होतं आणि उतरायचं बीरला. टँडममध्ये, म्हणजे पायलटसोबत जोडीने उडताना, विंग (डोक्यावरचा कापडी पंख) पायलट चालवतो, तरी दोन कामं प्रवाशाचीच: पायाचे पट्टे तपासणं आणि मन लावून धावणं.

दिवस आणि वेळ

१५ जुलै ते १५ सप्टेंबर हिमाचलात उड्डाणांना बंदी असते. दिवाळीची सुट्टी मात्र अगदी सोयीची, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ आणि बरीचशी स्थिर असते. मुक्काम दोन रात्रींचा ठेवा, म्हणजे वारा फिरला तर दुसरा दिवस हाताशी राहतो. पायलट नाही म्हणाला तर त्याला गळ घालू नका. सकाळी हवा शांत असते. दुपारी ऊन तापलं की गरम हवेचे झोत वर उठतात. त्यांच्यावर विंग जास्त वेळ तरंगते, पण हिसकेही बसतात. पहिल्या खेपेला सकाळच बरी.

बिलिंग सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि बीर त्याच्या जवळपास १,००० मीटर खाली. शांत हवेत विंग सेकंदाला मीटरभर खाली येते, म्हणजे १५-१७ मिनिटांत उड्डाण संपतं. कुणी तासाभराचं सांगत असेल, तर ते कोणत्या हवेत, हे विचारा.

निघण्यापूर्वी

पायलटचा परवाना बघायला मागा. त्यात संकोच कसला? दरात जीप आणि व्हिडिओ धरलेत का, तेही आधीच विचारून घ्या. वजन खरं सांगा, कारण दोघांच्या वजनावर विंग ठरते. गरोदरपण, हृदयविकार, फिट्स, पाठीचं दुखणं किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर उडू नका. दीड-दोन तास आधी हलका नाश्ता करा. रिकाम्या पोटीही मळमळतं. नाडीचे बूट, पूर्ण पँट आणि विंडचीटर घाला. ओढणी, मफलर नको.

पट्टे

हेल्मेटनंतर हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायची पट्ट्यांची बैठक, चढतो. त्याला छातीचा एक आणि मांड्यांचे दोन पट्टे असतात. मांड्यांचे पट्टे उघडे राहिले तर पाय जमीन सोडताच माणूस हार्नेसमधून खाली घसरतो. पायलट तपासतोच, तरी स्वतः हात लावून बघा: बकल ‘कट्’ आवाज करून बसलं पाहिजे, ओढून सुटता कामा नये. मग दोन्ही बाजूंचे कॅराबिनर (हार्नेस विंगला जोडणाऱ्या धातूच्या कड्या) बंद आहेत ना, हे पायलटला दाखवायला सांगा. पोटावर फोन लटकवू नका, खिशाची चेन लावा.

धावणं

नवख्यांचं चुकतं ते इथेच. विंग मागे जमिनीवर पसरलेली असते. पायलटने ती उचलली की मागे जोरात ओढ बसते. काहीतरी बिघडलं असं वाटून माणूस थबकतो, आणि विंग डोक्यावर येण्याआधीच ढेपाळते. ओढ बसली की छाती पुढे झुकवा आणि पाय रेटत राहा. ‘भागो, भागो’ हा पुकारा ऐकू येईल. उडी मारू नका, बसू नका. आधीच बसलात तर दोघांचा भार पायलटच्या पायांवर येतो आणि वेग पडतो. जमीन सुटल्यावरही दोन-चार पावलं हवेत टाका. पायलट सांगेल तेव्हाच मागे सरकून बसा.

वर आणि खाली

मळमळ वाटली की लगेच सांगा, नजर दूरच्या डोंगरावर ठेवा आणि गिरक्या नकोत म्हणा. पायलटच्या दोऱ्यांना हात लावू नका.

उतरताना पायलट दोनपैकी एक सांगतो: उभे राहून धावा, किंवा पाय वर उचलून बसून घसरा. नेमकं काय ते हवेतच विचारून ठेवा. पाय टेकले तरी लगेच पट्टे सोडू नका. वारा असेल तर विंग दोघांना ओढते. ती जमिनीवर पडेपर्यंत थांबा, मग बकल काढा आणि दोऱ्यांवर पाय न देता बाजूला व्हा, कारण मागोमाग पुढची जोडी उतरत असते.