मूल शाळेत रंगाबद्दल विचारतं तेव्हा: अमेरिकेत नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

"मी ब्राउन का?" "मी इंडियन की एशियन?" हे प्रश्न आज ना उद्या येतातच. तुम्हाला विचारले नाहीत, तर मूल शाळेत काउन्सेलरला विचारेल. मग "आज तुमच्या मुलाशी बोलले" असा ईमेल आला की आपल्या घरांत धस्स होतं. घाबरू नका. इथे काउन्सेलर फक्त 'बिघडलेल्या' मुलांसाठी नसतात. प्राथमिक शाळेत त्या वर्गावर तास घेतात, हायस्कूलला विषयनिवड आणि कॉलेजचे अर्जही बघतात. त्यांच्याकडे गेल्याने मुलावर कसलाही शिक्का बसत नाही. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थी अशी आहे, पण अनेक शाळांत मुलं त्याहून पुष्कळ जास्त असतात. म्हणून गरज पडण्याआधीच ओळख करून घ्या.

चांगली काउन्सेलर अशा प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, "हे तुझ्या मनात कशावरून आलं?" कारण प्रश्न एकच असला तरी एखाद्या मुलाला नुसतं कुतूहल असतं आणि दुसऱ्याला कुणीतरी दुखावलेलं असतं. ओळखीतला दुसरीतला एक मुलगा स्वतःचं चित्र काढताना चेहरा फिकट गुलाबी रंगवायचा. काउन्सेलरने त्याला "चुकलं" म्हटलं नाही. त्वचेच्या वेगवेगळ्या छटांचे खडू समोर ठेवले आणि आपल्या हाताला कुठला जुळतो ते स्वतः शोधायला लागली. त्यानेही एकेक खडू मनगटाशी धरून पाहिला. मग हळूच सांगितलं, की जेवणाच्या टेबलावर एक मुलगी त्याचा हात मळका आहे म्हणाली होती. काउन्सेलरने दोन गोष्टी साध्या शब्दांत सांगितल्या: त्वचेतल्या मेलॅनिनमुळे रंग ठरतो, आणि तिचं बोलणं चूक होतं, त्यात तुझी काही चूक नाही. आपण घरी "दुर्लक्ष कर" म्हणून मोकळे होतो. त्यातून मूल एवढंच शिकतं की हे आईबाबांना सांगायचं नाही.

तिथे काय बोलणं झालं हे मुलाकडून उकरून काढू नका. जिवाला धोका किंवा छळाचा संशय असेल तर काउन्सेलरला ते सांगावंच लागतं. बाकी बरंचसं ती स्वतःपाशी ठेवते, म्हणून तर मुलं तिच्याशी बोलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेखी कळवा. वर्ण किंवा मूळ देशावरून मुलाला कुणी त्रास देत असेल तर नुसत्या फोनवर भागवू नका. एका कुटुंबाने वर्षभर सगळं तोंडीच सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत काउन्सेलर बदलली आणि नव्या बाईंकडे एका ओळीचीही नोंद नव्हती. तोवर मुलीने शाळेत बोलणंच सोडलं होतं. ईमेलमध्ये तारीख, जागा, नेमके शब्द, कोणी पाहिलं आणि तुम्हाला काय हवं आहे, एवढं लिहा. काउन्सेलर मुलाला आधार देते, पण शिस्तीची कारवाई मुख्याध्यापकांच्या हातात असते, म्हणून ईमेल दोघांनाही पाठवा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शाळांना 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंश, वर्ण किंवा मूळ देशावरून भेदभाव करता येत नाही. दुसऱ्या मुलाच्या आईबाबांना पार्किंगमध्ये गाठू नका, मूळ तक्रार बाजूला पडते. इंग्रजी अडत असेल तर दुभाष्या मागा. मुलाला दुभाष्या करू नका.

आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. शाळेत आपल्या मुलाला कोणी रंगावरून बोललं की आपण पेटून उठतो. त्याच संध्याकाळी जेवताना कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल काहीही बोलतो, पुतणीला "जरा सावळीच आहे" म्हणतो. मूल हे ऐकतं आणि शाळेत जसंच्या तसं म्हणतं. मग काउन्सेलरचा फोन येतो तो दुसऱ्या मुलाच्या वतीने. असा फोन आला तर "आमच्या घरी असं नाही" म्हणू नका. शांतपणे ऐका आणि मुलासमोर स्वतःची भाषा बदला.

प्रवेशाच्या फॉर्मवर वंशाचा रकाना असतो. 'अमेरिकन इंडियन' म्हणजे इथले मूळ रहिवासी. आपण 'एशियन'वर खूण करायची. रकाना कोरा सोडला तर बऱ्याचदा शाळेतलं कोणीतरी मुलाकडे बघून तो भरतं, तेव्हा तुम्हीच भरा. आणि भरताना मूल शेजारी असेल तर आपण कुठला रकाना का निवडला, हे त्याला तिथेच सांगा.