नवं सोयाबीन, ताजी सरकी आणि दावणीची लहान वासरं

दिवाळीनंतर घरात नवं सोयाबीन असतं आणि जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) सुरू झाल्याने बाजारात ताजी सरकी पेंड येते. सोयाबीनचा भाव पडलेला असला की 'विकण्यापेक्षा भरडून जनावरांनाच घालू' असा विचार होतोच. मोठ्या गाईचं एक वेळ निभावतं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला मात्र कच्चं सोयाबीनही नको आणि सरकीही नको. दोन्हींत प्रथिनं भरपूर आहेत, पण त्या वयाला झेपतील अशी नाहीत.

जन्मतः वासराचं कोठीपोट (चारा आंबवून पचवणारं पहिलं मोठं पोट) नावालाच असतं, काम करतं ते चौथं पोट. दूध थेट तिथे उतरतं, त्यातलं केसीन हे प्रथिन साकळतं आणि सावकाश पचतं. वनस्पतीची प्रथिनं तशी साकळत नाहीत आणि पहिले तीन आठवडे ती पचवायला लागणारे पाचकरसही पुरेसे नसतात. म्हणून तोवर प्रथिनांची भिस्त दुधावरच. पहिला चीक जन्मानंतर दोन तासांच्या आत पाजा. पुढे रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध द्या. थंडीत रात्रीचा पारा १५ अंशांखाली गेला की कोवळं वासरू अंग गरम ठेवण्यातच खाल्लेलं खर्ची घालतं, तेव्हा थोडं वाढवून द्या आणि खाली कोरडी गादी करा. मिल्क रिप्लेसर (दुधाऐवजी पाण्यात कालवून पाजायची भुकटी) वापरत असाल तर पोत्यावरची प्रथिनांची टक्केवारी पाहून भुलू नका. ती दूध पावडर आणि व्हेमधून (चीज-पनीर करताना निघणाऱ्या निवळीतून) आलीय की सोयापिठातून, ते वाचा. सोयापिठाचं स्वस्त पडतं, पण हगवण लागली की ती बचत औषधात जाते.

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. वासरू खातं, पातळ हगतं आणि वजन आहे तिथेच राहतं. त्यात युरिया फोडणारं युरिएजही असतं, त्यामुळे युरिया असलेल्या खाद्यात कच्चा भरडा मिसळला तर अमोनिया झपाट्याने सुटतो. हे मोठ्या गाईलाही धोक्याचं. माझं मत विचाराल तर सोयाबीन विका आणि त्याच पैशातून डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) आणा. कारखान्यात उष्णता मिळाल्याने तो दोष गेलेला असतो, प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास असतात आणि वाढीला लागणारं लायसीन (प्रथिनांचा एक घटक) शेंगदाणा पेंडीपेक्षा जास्त मिळतं. शेंगदाणा पेंडीत ओलाव्याने बुरशी धरण्याची भीती असते ती वेगळीच.

सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराच्या कोठीपोटात बरंचसं निष्प्रभ होतं. वासराला ती सोय नसते. ते साठत जाऊन हृदय आणि यकृतावर बसतं. बाहेरून दिसतं ते एवढंच, की वासरू धापा टाकतंय, आणि एखाद्या सकाळी दगावलेलं सापडतं.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर वासरखाद्य आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा. घरी करायचं तर मका भरडा ५० किलो, डीओसी ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. यात साधारण २० टक्के प्रथिनं बसतात. सलग तीन दिवस किलोभर खाद्य खाल्लं की दूध तोडायला हरकत नाही.

सहा महिन्यांनंतर कोठीपोट कामाला लागलेलं असतं. तेव्हा सरकी हळूहळू चालू करा. युरियाचं खाद्यही त्याआधी नको. कालवडीला नुसत्या मका मुरघासावर ठेवू नका. त्यात ऊर्जा भरपूर पण प्रथिनं जेमतेम आठ टक्के, मग उंची न वाढता चरबी चढते, कासेतही. जोडीला सुकवलेला लसूणघास आणि थोडी बायपास प्रथिनांची (कोठीपोटात न मोडता पुढे जाऊन पचणाऱ्या प्रथिनांची) पेंड द्या. दवाने ओला लसूणघास पोट फुगवतो, ऊन चढल्यावर कापा.

वजनकाट्याची गरज नाही. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करा, खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ४०, लांबी ३६ असेल तर ८७ किलो. संकरित कालवड पंधरा दिवसांत सहा-सात किलोंनी वाढायला हवी. वाढत नसेल तर आधी शेण तपासून जंतनाशक द्या, मग पेंडीचं पोतं बदला.