मोठे आर.सी. विमान घरी बांधताना या चुका टाळा

मैदानावर आर.सी., म्हणजे रेडिओने नियंत्रित होणारे मॉडेल विमान कोसळले की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो : ‘सिग्नल गेला.’ क्रिस्टल बदलून चालवायच्या जुन्या रेडिओ संचांच्या काळात या म्हणण्यात तथ्य असे, आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांच्या बाबतीत ती पुष्कळदा पळवाट असते. अवशेष घरी आणून टेबलावर मांडले, तर मुळासकट उखडलेला फायरवॉल (इंजिन ज्यावर बसते ती पुढची फळी), निसटलेला कनेक्टर किंवा रेषे आडवे लावल्यामुळे चिरलेली शीअर वेब (पंखाच्या आतली लाकडी पट्टी) सापडते. म्हणजेच अपघाताचे कारण उड्डाणाच्या कित्येक महिने आधी त्याच टेबलावर तयार झालेले असते. पंखांचा विस्तार ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर, किंवा त्याहून अधिक असलेल्या मॉडेलांत हे विशेष जाणवते, कारण लहान विमानात खपून जाणारी चूक येथे खपत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक लाकडाला हात लावण्यापूर्वीच, कागदावर होते. सव्वा मीटर पंखांच्या, उत्तम उडणाऱ्या मॉडेलचा आराखडा प्लॉटरवर दुप्पट मोठा करून घ्यायचा आणि लाकडाची जाडीही दुप्पट धरायची, हा मोह अनेकांना होतो. लांबी दुप्पट झाली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. दीड किलोचे विमान बारा किलोंचे होते, पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवरचा भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाखाली विमान हवेत टिकत नाही तो वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. तेच विमान सात-आठ किलोंत बसवायचे असेल, तर फॉर्मर, म्हणजे धडाला आकार देणारे आडवे तुकडे, सलग प्लायवूडचे न करता लाइट प्लायच्या चौकटीचे करावे लागतात, रिब्जना, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांना, मोठी भोके पाडावी लागतात आणि जड, भक्कम लाकूड केवळ स्पार (पंखाचा लांबीभरचा कणा), इंजिनाची बैठक आणि चाकांचा आधार एवढ्याच ठिकाणी राखून ठेवावे लागते. प्लॉटरवरून आलेल्या छापील आराखड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आराखड्यात एक मीटरची उभी आणि एक मीटरची आडवी रेघ काढून घ्यावी व प्रिंट हातात आल्यावर दोन्ही मोजाव्यात. पावसाळी हवेत कागद स्वतःच पसरतो, त्यामुळे डाव्या आणि उजव्या पंखाच्या रिब्ज कागदावरून वेगवेगळ्या न कापता धातूच्या किंवा प्लायच्या एकाच साच्यावरून कापाव्यात. आणि हो, पंख दोन भागांत, नळीवर बसणारे ठेवावेत. सोसायटीच्या जिन्यातून अडीच मीटरचा एकसंध पंख खाली उतरत नाही, हे लक्षात यायला पंख पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नसते.

नाशिकचा पावसाळा हा या छंदातला स्वतंत्र विषय आहे. जून ते सप्टेंबर बाल्सा (मॉडेलांसाठीचे हलके लाकूड) हवेतली ओल शोषून घेतो, फुगतो आणि जडही होतो. अशा दिवसांत पंखावर कव्हरिंग फिल्म चढवून इस्त्री केली, की दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसते आणि जी फिल्म ढोलाच्या पानासारखी ताणलेली दिसत होती तिला सुरकुत्या पडतात. मग आपण सुरकुत्या काढण्यासाठी फक्त वरच्या बाजूने पुन्हा इस्त्री फिरवतो आणि पंखाला पीळ बसतो. पावसाळ्यात रिब्ज कापणे, धातूकाम, सर्व्होंच्या (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) तारा तयार करणे ही कामे उरकावीत आणि फिल्मचे काम नोव्हेंबरवर ठेवावे. फिल्म ताणताना पंखाची वरची आणि खालची बाजू थोडी थोडी, आलटून पालटून घ्यावी आणि दर वेळी पंख सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहावा. सपाट पृष्ठभाग म्हणून जाड कडप्पा उत्तम. घरातले जुने प्लायवूडचे टेबल मधोमध दोन-तीन मिलिमीटर खचलेले असते आणि तो खड्डा पंखात जसाच्या तसा उतरतो.

आता शीअर वेबकडे येऊ, कारण येथे चूक दिसत नाही. वरचा आणि खालचा स्पार यांच्यामध्ये बाल्साच्या पातळ चकत्या लावतात. त्या चकत्यांचे रेषे उभे, म्हणजे एका स्पारपासून दुसऱ्या स्पारकडे जाणारे असले पाहिजेत. लांब पट्टी कापून आडवी चिकटवणे सोपे असते, म्हणून रेषे आडवे जातात आणि पंखावर भार येताच वेब रेषांच्या बाजूने सरळ फाटते. बाहेरून फिल्म चढल्यावर दोन्ही पंख अगदी सारखे दिसतात.

चिकटवण्याच्या बाबतीत घाई हाच खरा शत्रू असतो. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी तात्पुरत्या कामांसाठी ठीक आहे. ५५ सीसीचे एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन ज्या फायरवॉलवर बसणार आहे, तेथे ते वापरू नये. ते तुलनेने ठिसूळ असते आणि इंजिनाच्या उष्णतेने लवकर मऊ पडते. तेथे सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी, आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या आणि बाजूंनी बसवलेल्या लाकडी खुंट्या, असे तिन्ही उपाय एकत्र करावेत आणि शेवटी फायरवॉलच्या पुढच्या अंगाला पातळ इपॉक्सीचा हात द्यावा, म्हणजे प्लायमध्ये तेल मुरत नाही.

१९६४ मध्ये मिग-२१ च्या उत्पादनासाठी सुरू झालेल्या ओझरच्या एचएएल कारखान्यामुळे विमानकामाची शिस्त अंगी बाणलेली माणसे आपल्या शहरात सहज भेटतात. त्यांच्याकडून एक सवय उचलण्यासारखी आहे : नट आवळून झाला की नट आणि खालचा पृष्ठभाग यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला आहे. धातूवर धातू असेल तेथे थ्रेडलॉकर (नट सैल होऊ न देणारा द्रव) लावावाच, पण डोळ्यांना दिसणारी ही खूण त्याहून अधिक उपयोगी पडते. लाकडी प्रोपेलर ऋतूनुसार फुगतो आणि आक्रसतो, त्यामुळे पावसाळा संपल्यावर त्याचे बोल्ट पुन्हा आवळावेत.

शेपटीकडचे वजन हा मोठ्या विमानातला चोर आहे. समजा, एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीचा) सर्व्हो आणि जास्तीचे इपॉक्सी मिळून ५० ग्रॅम वजन गुरुत्वमध्याच्या ११० सेंटिमीटर मागे पडले आणि नाकात शिसे ठेवायची जागा त्याच्या ४० सेंटिमीटर पुढे आहे. तोल साधायला सुमारे १३७ ग्रॅम शिसे लागते. ५० ग्रॅमची चूक १८७ ग्रॅमची होते. म्हणून शेपटीसाठी बाल्साचे सर्वांत हलके तक्ते आधीच वजन करून बाजूला काढावेत. आराखड्यावर गुरुत्वमध्य दिलेला नसेल, तर पहिल्या उड्डाणासाठी तो पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढच्या कडेपासून २५ ते २८ टक्क्यांवर धरणे सुरक्षित असते.

इंधनाच्या बाबतीत दोन गोष्टी आपल्याकडे हमखास नडतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि टाकीच्या आत निसटते. पेट्रोलसाठी टायगॉनच्या पिवळ्या नळीसारखी, पेट्रोल सोसणारी नळीच लागते. दुसरे, पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल ओढून घेते. कॅनमध्ये महिनोन् महिने पडून राहिलेले मिश्रण वापरू नये आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, नाहीतर त्यातला पडदा कडक होतो. इंजिनाला किती इंधन जावे हे ठरवणाऱ्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे, म्हणजे नीडलकडेही असेच लक्ष हवे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि मे महिन्यातली चाळीस अंशांची दुपार व जानेवारीतली दहा अंशांची सकाळ यांत हवेच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. उन्हाळ्यात लावलेली नीडल थंडीतल्या दाट हवेला इंधन कमी पुरवते. इंजिन जमिनीवर छान गुरगुरते आणि नाक वर करताच गरम होऊन बंद पडते. ऋतू बदलला की विमान घट्ट बांधून, नाक वर धरून पूर्ण थ्रॉटलवर पुन्हा तपासणी करावी, आणि ती नेहमी उघड्यावर करावी, खोलीत किंवा गॅरेजमध्ये नव्हे.

ज्यांना ‘सिग्नल गेला’ असे वाटते, त्यांनी प्रथम रिसीव्हरजवळचा व्होल्टेज मोजावा, आणि तोही सर्व सर्व्हो एकाच वेळी हलवत असताना. स्थिर अवस्थेतला आकडा नेहमी समाधानकारक असतो. बारीक तारांची लांब एक्स्टेन्शन आणि हलका स्विच यांतून आठ ताकदवान सर्व्हो एकदम विद्युतप्रवाह ओढू लागले, की व्होल्टेज क्षणभर खाली येतो आणि रिसीव्हर पुन्हा सुरू होण्यात काही क्षण जातात. दोन बॅटऱ्या, दोन स्विच, जाड तारा आणि प्रत्येक जोडावर कुलूप किंवा पट्टी, एवढे केले की बहुतेक ‘सिग्नल’ परत येतात. इग्निशन (इंजिनात ठिणगी पाडणारा संच) आणि त्याची बॅटरी रिसीव्हरपासून शक्य तितकी दूर असावी, रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि कार्बनच्या नळीपासून लांब असाव्यात, आणि रेंजची तपासणी इंजिन चालू ठेवून करावी. सिग्नल तुटल्यास थ्रॉटल मंद व्हावा, असे फेलसेफ आधीच ठरवलेले असावे.

मैदान निवडताना कोठे उडवता येते हे दाखवणारा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आधी पाहावा, कारण ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर यांमुळे शहराभोवतीची सगळी आकाशे मोकळी नाहीत. शेजारी द्राक्षबाग असेल तर लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांकडे विमान न नेता उतरण्याची दिशा आधीच ठरवावी.

विमान एका बाजूला झुकत असेल, तर ट्रिम (रेडिओवरून दिलेली कायमची छोटी दुरुस्ती) देण्यापूर्वी कारण शोधावे. थ्रॉटल पूर्ण असताना झुकते आणि बंद करताच सरळ होते, तर दोष इंजिनाच्या कोनात आहे आणि इंजिनामागे वॉशर घालून तो सुधारता येतो. दोन्ही स्थितींत झुकत असेल तर एलेरॉनचे (विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्यांचे) ट्रिम द्यावे आणि वेग बदलून पाहावे. सर्व वेगांत सरळ राहिले तर पंखाला पीळ आहे. वेग कमी होताच तोच पंख पुन्हा खाली येऊ लागला, तर तो पंख जड आहे आणि दुसऱ्या पंखाच्या टोकाला काही ग्रॅम शिसे लावणे हाच उपाय आहे.