ईकोतला लाकडी बेड, दुसऱ्यांदा केलेला

ट्रिपला गेलो की गाडीतच झोपता यावं म्हणून माझ्या मारुती ईको व्हॅनच्या मागच्या भागात बेड पाहिजे होता. पहिला बेड मी घरातल्या दिवाणासारखा करून घेतला आणि तिथंच सगळं गंडलं. १८ एमएमचा प्लाय, वरून सनमायका, खाली पेटी, पेटीला वरून उघडणारं झाकण, दिसायला एकदम झकास, शेजाऱ्यांनी फोटो पण काढले. मग आम्ही दोघं येवतेश्वरच्या घाटानं कासला निघालो तर पहिल्या वळणापासून मागं जे कर्र कर्र चालू झालं ते पठारावर पोचेपर्यंत. रात्री बायकोला तहान लागली, बाटली पेटीत, पेटीवर गादी आणि गादीवर आम्ही. उठलो, गादी गुंडाळली, झाकण वर केलं तर ते छताला टेकलं, हात आत जाईना. सकाळी गादी उचलली तर खालचा प्लाय ओलाचिंब. घरी येऊन भंगारवाल्याच्या काट्यावर चढवला तर ६८ किलो, म्हणजे एक तिसरा माणूस आम्ही फुकट फिरवत होतो.

यात मिस्त्रीची काही चूक नाही, मी दिवाण सांगितला आणि त्यानं दिवाण दिला. दुसऱ्या वेळी मी स्वतः केला आणि एकच अट ठेवली, बेड मला एकट्याला उचलून गाडीबाहेर काढता आला पाहिजे. बाकी सगळं त्या अटीतून आपोआप ठरत गेलं.

ही अट नुसत्या सोयीची नाही हे पण आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीनं जशी गाडी दिलीय त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानं पण हेच ठामपणे सांगितलंय. त्यामुळं पत्रा कापणं, बेड वेल्डिंग करून कायमचा बसवणं असले धंदे नकोतच. सीटा काढून फिरायच्या आधी पण आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला एकदा तोंडी का होईना विचारून घ्या, नंतर क्लेमच्या वेळी तोंड पाडून बसण्यापेक्षा बरं. मी ट्रिपवरून आलो की बेड बाहेर आणि सीटा आत.

आता माप. टेपनं माप घेण्याआधी मागच्या सीटा काढा आणि चटई टाकून स्वतः आत आडवे व्हा, बायको किंवा मित्र जो कोण झोपणार असेल त्यालाही झोपवा, एकदा पाय सरळ करून आणि एकदा कुशीवर. माझ्या गाडीत लांबी सहा फुटाला जरा कमी मिळाली, मी पाच नऊ, म्हणून बेड ७० इंचाचा ठेवला. रुंदी मागच्या चाकांच्या फुगवट्यांमुळं एका जागी कमी होते, सगळ्यात अरुंद जागा धरून मी ४४ इंच घेतली. तुमचे आकडे तुमच्या गाडीचे असतील, माझे उचलू नका.

उंचीवर मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलं. आधी विचार केला की टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट खाली सरकवू, ते साडेअकरा इंच उंच. त्यावर दोन इंचाची फ्रेम, पाऊण इंचाची पट्टी, तीन इंचाची गादी, झाले सव्वासतरा, आणि छत फ्लोअरपासून चार फुटाच्या किंचित आत. म्हणजे वर उरतात तीस-एकतीस इंच. माणूस मांडी घालून ताठ बसला की बुडापासून टाळूपर्यंत चौतीस-पस्तीस इंच लागतात, माझ्या उंचीला तरी. पावसात थोसेघरला अडकलं आणि तीन तास मान वाकडी करून बसायची वेळ आली की मग कळतं चार इंच म्हणजे काय. शेवटी बुटके क्रेट घेतले, साडेसहा इंचाचे, पाय आठ इंचाचे केले आणि आता डोकं छताला केसभर अंतरावर राहतं. थोडक्यात आधी क्रेट विकत आणा, मग पायांची उंची कापा, उलटं करू नका.

लाकूड मी वखारीतून पाइन घेतलं. सागवान टिकतो पण जड आणि महाग, बाभळीला स्क्रू मारता मारता घाम फुटतो. प्लायच पाहिजे असेल तर १२ एमएम घ्या, ८ बाय ४ ची १८ एमएमची शीट बत्तीस ते सदतीस किलोच्या घरात जाते आणि १२ एमएमची साधारण बावीस-पंचवीस. आणि बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा, आयएस ७१० हा मानक नंबर छापलेला, कारण साताऱ्याच्या वरच्या अंगाला जुलै-ऑगस्टात साध्या कमर्शियल प्लायचे पापुद्रे सुटायला वेळ लागत नाही. पण माझं मत विचाराल तर प्लाय नकोच, पट्ट्या मारा. आपल्या श्वासाची आणि अंगाची वाफ रात्रभर गादीतून खाली जाते, खाली गार सपाट फळी असली की तिथंच तिचं पाणी होतं, आणि चार ट्रिपांत बुरशी. पट्ट्यांच्या मधून हवा खेळते. प्लाय घेतलाच तर होल सॉनं, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीनं, दीड-दोन इंचाची भरपूर भोकं पाडा.

वखारीतून आणलेलं लाकूड दहा-पंधरा दिवस घरात सावलीत आडवं ठेवा, मधे चिपाट्या घालून. ओलं लाकूड लगेच वापरलं की महिन्याभरात पीळ मारतं आणि मग बेडचा एक पाय कायम हवेत.

फ्रेम दोन तुकड्यांत केली, प्रत्येक ३५ इंचाचा. एका तुकड्यात गाडीच्या लांबीत जाणारे तीन दांडे, दोन कडेला आणि एक बरोबर मधोमध, त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे, आणि सहा पाय. दांडे २ बाय दीड इंचाचे. मधला दांडा वाचवायचा मोह होतो, वाचवू नका, पाऊण इंचाची पाइनची पट्टी ४४ इंच अधांतरी ठेवली की माणूस बसल्यावर झोळी होते. पट्ट्या ३ इंच रुंद, मधे २ इंच गॅप, म्हणजे एका तुकड्याला सात, दोन्हींना मिळून चौदा. गॅप मोजत बसायचा नाही, दोन इंच रुंदीचा एक ठोकळा कापून घ्या आणि तोच प्रत्येक पट्टीच्या मधे ठेवत पुढं सरका. स्क्रू ८ नंबरचा, आधी ३ एमएमच्या ड्रिलनं भोक, नाहीतर पट्टीचं टोक फाटणार म्हणजे फाटणारच, आणि स्क्रूचं डोकं जरा आत बुडवा, नाहीतर गादीचा फोम कुरतडतं.

एक गोष्ट मला पहिल्या बेडच्या वेळी कोणी सांगितली नव्हती. गाडीत काटकोन कुठंच नसतो. मिस्त्रीचा गुण्या इथं काही कामाचा नाही, बाजूचा पत्रा आत-बाहेर गोलाई घेत जातो आणि डावी बाजू उजवीसारखी असेलच असं पण नाही. फ्रेम चौकोनीच ठेवा, फक्त पट्ट्यांची टोकं पत्र्याच्या वळणानं कापायची. त्यासाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फ्रेमवर पसरा, एक मोठा वायसर घ्या, त्याच्या भोकात पेन्सिलीचं टोक घाला आणि वायसर पत्र्याला टेकवून हळूहळू फिरवत न्या. पत्र्याचं वळण जसंच्या तसं पुठ्ठ्यावर उमटतं, तेही सगळीकडं सारखं अंतर सोडून. तो फर्मा पट्ट्यांवर ठेवून जिगसॉनं कापा. अर्धा-पाऊण इंच अंतर सोडाच, घाटात पत्रा हलतो आणि लाकूड त्याला टेकलेलं असलं की तोच तो कर्र कर्र.

आवाजावर अजून एक इलाज, पंक्चरवाल्याकडून फुटकी ट्यूब मागून आणा, बहुतेक पैसे पण घेत नाही, तिच्या पट्ट्या कापून प्रत्येक पायाखाली आणि दोन तुकडे एकमेकांना भिडतात तिथं लावा. जे सांधे कायमचे आहेत तिथं स्क्रूबरोबर फेविकॉल, जे सुटायला पाहिजेत तिथं नुसता नट-बोल्ट, आणि नट नायलॉनवाला, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, साधा नट खडखडाटानं सुटतो.

गाडीला बेड कसा धरून राहणार? फ्लोअरला नवीन भोक पाडायचं नाही. खालून ब्रेकचे पाइप, पेट्रोलची लाइन, वायरिंग काय काय जातं, आणि भोक पडलं की तिथून गंज चालू. सीट ज्या भोकांत बसते तीच वापरा. मी सीटचा एक बोल्ट खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो, त्याच आट्याचे बोल्ट घेतले आणि जाड एल पट्टीनं फ्रेम चार जागी आवळली. इथं आळस करू नका, जोरात ब्रेक लागला की सुटा बेड क्रेटसकट तुमच्या पाठीत येतो. सीएनजीची टाकी मागं असेल तर तिच्या व्हॉल्व्हपाशी हात पोचला पाहिजे आणि तिथली हवा कोंडली नाही पाहिजे, बेड तेवढा आखूड करा.

पॉलिश पेपर मारून पातळ पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे दोन हात दिले, सात-आठ दिवस दारं उघडी ठेवून वास जाऊ दिला. जवसाचं तेल पण चालतं, पण तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवा. गादीला ३२ डेन्सिटीचा तीन इंची फोम, तीन तुकड्यांत, म्हणजे दिवसा घडी घालून टेकायला होतो. कापसाची गादी ओल धरते, ती घरी ठेवा.

नवा बेड सगळ्या बोल्टांसकट पंचवीस-सव्वीस किलो भरला, एकेक तुकडा तेरा किलोचा, मागच्या दारातून एकटा काढतो. रात्री क्रेट मागून ओढायचा, बाटली घ्यायची, कोणाला उठवायचं नाही. झोपताना दोन्ही काचा दोन बोटं खाली, आणि आत शेगडी किंवा इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कितीही गारठा असला तरी. चालत्या गाडीत पण बेडवर कोणी झोपायचं नाही, पोरं हट्ट करतात, ऐकायचं नाही.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर गाडी थांबवून सगळे बोल्ट एकदा पान्यानं तपासा, माझे दोन ढिले निघाले. सीटचे मूळ बोल्ट कंदी पेढ्याच्या रिकाम्या डब्यात घालून डब्यावर मार्करनं लिहून ठेवलंय, कारण पहिल्या वेळी त्यातला एक हरवला होता आणि तो शोधण्यात अख्खा रविवार गेला.