दुसऱ्या कंपनीच्या फास्ट चार्जरवर आपली गाडी : मुंबई–गोवा महामार्गाच्या प्रवाशांसाठी

टाटाची गाडी ह्युंदाईच्या चार्जरवर किंवा महिंद्राची टाटाच्या चार्जरवर चालते का, हा प्रश्न गणपतीला गावी निघणारे नवे ईव्हीमालक हमखास विचारतात. चालते; कारण आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-2 हाच सॉकेट असतो आणि गाडी व चार्जर यांच्यातील संदेशांची देवाणघेवाणही त्याच मानकानुसार होते. अडचण येते ती ॲपची, पैशांची आणि मोबाइलच्या रेंजची, आणि या तिन्हींची सोय पनवेल सोडण्यापूर्वी घरी बसूनच करून ठेवावी.

अपवाद मोजके आहेत. एमजी कॉमेटला डीसी जलद चार्जिंगची सोय नाही. टॅक्सीसाठी विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या टाटा टिगोर आणि महिंद्रा ई-व्हेरिटो या गाड्यांना जीबी-टी पद्धतीची वेगळी गन, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायचे केबलचे टोक, लागते. एथरच्या चार्जरची गन स्कूटरसाठी असते, ती मोटारीला बसत नाही.

आता ॲप. ह्युंदाईचे फास्ट चार्जर इतर कंपन्यांच्या गाड्यांनाही खुले आहेत, पण ते मायह्युंदाई ॲपमधून सुरू करावे लागतात. टाटा पॉवरसाठी ईझेड चार्ज, तर स्टॅटिक आणि चार्जझोन या चार्जिंग कंपन्यांसाठी त्यांची स्वतंत्र ॲप्स लागतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपवर नोंदणी करताना आपल्याकडे त्या कंपनीची गाडी नसल्याचा पर्याय निवडावा. ॲपच्या वॉलेटमध्ये किती पैसे ठेवावेत, याचा हिशेब सोपा आहे. 45 युनिटांची बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेण्यासाठी 27 युनिटे लागतात. युनिटला 20 रुपये दर धरला, तर 540 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून सुमारे 637 रुपये होतात. चार्जिंगच्या वेळी थोडी वीज वाया जाते आणि काही ठिकाणी दर याहून जास्त असतो, म्हणून आठशे रुपये ठेवलेले बरे. चार्जर ज्या कंपनीचा आहे, त्या कंपनीच्या ग्राहकांना कमी दर आणि पाहुण्या गाडीला जास्त दर, असाही प्रकार असतो; तेव्हा दर सुरुवातीलाच पाहावा. शोरूमच्या आवारातील चार्जर ॲपवर खुले दिसले, तरी रात्री फाटक बंद असू शकते, त्यामुळे आधी फोन करून विचारावे.

यंत्रावरचा किलोवॉटचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, कारण यंत्राची आणि गाडीची क्षमता यांपैकी जी कमी असेल तोच वेग मिळतो. मोठ्या बॅटरीची टाटा टियागो ईव्ही 120 किलोवॉटच्या यंत्राला लावली, तरी 10 ते 80 टक्क्यांसाठी तासभर थांबावेच लागते. याउलट, 180 किलोवॉटच्या यंत्रावर 20 ते 80 टक्क्यांपर्यंत वीस मिनिटांत जाणाऱ्या 79 युनिटांच्या महिंद्रा बीई 6 ला 30 किलोवॉटच्या यंत्रावर दीड तासाहून अधिक वेळ लागतो. शिवाय 60 किलोवॉटच्या यंत्राला दोन गन असतील आणि दोन्ही चालू असतील, तर वाट्याला बहुधा तीसच येतात. माझ्या मते, आकड्यापेक्षा त्या चार्जरवर आज कोणाची गाडी यशस्वीपणे चार्ज झाली आहे का, हे ॲपवरील ताज्या नोंदींत पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

थांबा ठरवताना त्याच्या पुढचा थांबाही बॅटरीच्या टप्प्यात ठेवावा. चिपळूणचा चार्जर बंद निघाला, तर हातखंब्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. महामार्ग सोडून गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडे उतरल्यावर पर्याय कमी होतात, म्हणून उतरण्यापूर्वीच बॅटरी भरून घ्यावी. पावसाळ्यात तर ज्या हॉटेलात चार्जर आहे, तिथे फोन करून "लाइट आहे का?" एवढे विचारून निघावे, कारण पुष्कळ ठिकाणी चार्जरला जनरेटरचा आधार नसतो.

पोहोचल्यावर गाडी पूर्ण बंद करावी. गनच्या तोंडात पाणी साचले आहे का, एखादी पिन काळवंडलेली किंवा वितळल्यासारखी दिसते का, हे मोबाइलच्या उजेडात पाहावे. तसे आढळल्यास ती गन वापरू नये. गन खटका ऐकू येईपर्यंत सरळ आत दाबावी. जड केबलमुळे ती खाली झुकते आणि संपर्क नीट होत नाही, म्हणून सुरुवातीचे काही क्षण हाताने उचलून धरावी. मग ॲपवर त्याच यंत्राचा आणि त्याच गनचा क्रमांक निवडून चार्जिंग सुरू करावे. शेजारच्या गनचा क्रमांक निवडला जाणे ही नेहमीची चूक आहे. यंत्राने गाडीशी जुळवणी केली, की आतला खटका लागून गन लॉक होते आणि पडद्यावर किलोवॉटचा आकडा चढू लागतो.

चार्जिंग सुरूच झाले नाही, तर प्रथम यंत्रावरचे लाल आपत्कालीन बटण पाहावे. ते कोणी तरी दाबून ठेवलेले असते आणि बाणाच्या दिशेने फिरवल्यावर बाहेर येते. त्यानंतर गन काढून, गाडी लॉक करून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही, तर दुसरी गन घ्यावी किंवा हेल्पलाइनला यंत्राचा क्रमांक सांगून ते दुरूनच रीसेट करायला लावावे. मोबाइलला रेंज नसेल, तर काही कंपन्यांचे आरएफआयडी कार्ड (यंत्राला टेकवून चार्जिंग सुरू करण्याचे कार्ड) कामाला येते, पण ते आधीच मागवून ठेवावे लागते.

ऐंशी टक्क्यांनंतर वेग झपाट्याने उतरतो. सणाच्या दिवसांत मागे रांग असते, तेव्हा पुढच्या टप्प्याला पुरत असेल तर ऐंशी टक्क्यांवरच चार्जिंग थांबवावे. चार्जिंग आधी ॲपमधून बंद करावे, गाडी अनलॉक करावी आणि मगच गन ओढावी. ती अडकून बसली, तर जोर लावू नये; अनेक गाड्यांत हाताने लॉक सोडवण्याची दोरी असते, तिची जागा गाडीच्या पुस्तिकेत निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी. चार्जिंग मध्येच तुटून पैसे कापले गेले, तर यंत्राच्या पडद्याचा फोटो आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावा, कारण परताव्याची तक्रार करताना हेच दोन पुरावे मागितले जातात.